पुढच्या भागाची वाट

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. आकाशवाणीतल्या सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर चालवायचं ठरलं होतं. त्या वर्षी अधिक मास आला आणि ५२ ची ५६ गाणी झाली. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, हे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं आणि ते भक्तीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मला त्यात ऐकण्याच्या कलेचा फार मोठा धडा दिसतो. रामाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? वनवास होणार, सीतेला रावण नेणार, लंका जळणार, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. पुढं काय होणार ही उत्सुकता गदिमांच्या हाती नव्हतीच. तरी माणसं आठवडाभर थांबत आणि पुन्हा रेडिओपाशी येत.

का येत? वार आणि वेळ ठरलेली होती, हे एक. प्रत्येक गाणं आपापल्या जागी पुरं होतं. मागचं चुकलं तरी आजचं कळायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गोष्ट माहीत असली तरी आज ती कोण सांगणार हे माहीत नसायचं. कधी कौसल्या, कधी शूर्पणखा, कधी सेतू बांधणारे वानर. माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत वेगवेगळे गळे त्या पात्रांना मिळाले होते. ओळखीच्या वाटेवर दर खेपेला नवा सोबती मिळत होता.

हे आज आठवायचं कारण असं, की मराठीत ऐकण्याला पुन्हा बरे दिवस आलेत. गाडी चालवताना, लोकलमध्ये उभ्यानं, पोळ्या लाटताना, लंडनच्या ट्यूबमध्ये किंवा बे एरियातल्या लांबलचक ड्राइव्हमध्ये मराठी माणसाच्या कानात मराठी बोलणं असतं. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये ‘गार्डियन’मधल्या एका लेखात पहिल्यांदा छापला गेला, २००५ मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. आपल्याकडे मात्र त्याचा खरा जोर गेल्या काही वर्षांतला. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’, विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’, सुलेखा तळवलकर यांचं ‘दिल के करीब’ ही नावं आता घरात सहज घेतली जातात. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं ते मराठीसकट आलं आणि केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका मराठी लेखकांकडून लिहून घेऊ लागलं. म्हणजे श्रोते आहेत, बोलणारे आहेत, थोडाफार पैसाही आहे. तरी या सगळ्या पसाऱ्याकडे पाहताना एक गोष्ट खटकते. श्रोत्याला आत्ता, या क्षणी धरून ठेवणं आणि श्रोत्यानं पुढच्या आठवड्यात आपणहून परत येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी पॉडकास्ट पहिलीच्या मागे इतका लागलाय की दुसरी त्याच्या हातून निसटतेय.

याचं मूळ आलेखात आहे. यूट्यूब प्रत्येक भागाचा आलेख कार्यक्रम करणाऱ्याला दाखवतं: कुठल्या सेकंदाला किती लोक उरले, कुठं गळले. ॲपलनंही २०१७ मध्ये अशी आकडेवारी द्यायला सुरुवात केली. तोवर निर्मात्याला फक्त डाउनलोड दिसत, आणि डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. २०२३ च्या शरदात आयफोनच्या नव्या प्रणालीनं आपोआप होणाऱ्या डाउनलोडचे नियम बदलले, तेव्हा जगभरच्या मोठमोठ्या कार्यक्रमांचे आकडे खाली आले. आपोआप उतरणारे ते भाग लोक मात्र आधीही ऐकत नव्हते आणि नंतरही. म्हणून आलेख वाईट नाही. कुठं कंटाळा येतो हे कळणं ही कुणाही कलावंताला हवी असणारी गोष्ट. पण हा आलेख एका बसण्यापुरताच असतो. शेवटपर्यंत थांबलेल्या माणसाला ऐकून काही मिळालं का, की तो नुसता अडकला होता, हे त्यात दिसत नाही.

आता आलेख पाहून घडवलेल्या मराठी मुलाखतीची पहिली तीन मिनिटं जवळून ऐकू. कार्यक्रमाचं नाव सांगत नाही, कारण हे एकाचं नाही, बहुतेकांचं आहे. सुरुवातीला पाहुण्याची तीन-चार वाक्यं, मधूनच तोडलेली. एकात रडण्याचा सूर, एकात कुणाचं तरी नाव बीप करून झाकलेलं, एकात ‘हे मी आजवर कुठंच बोलले नाही’. खाली छातीत धडधडणारं संगीत. मग कार्यक्रमाची धून, मग प्रायोजक, मग सबस्क्राइब करण्याची विनंती. मग ‘आज आपल्यासोबत आहेत’ असं म्हणत पाहुण्याच्या पुरस्कारांची यादी. आणि एवढं झाल्यावर पहिला प्रश्न: ‘तुमच्या बालपणाविषयी सांगा.’ पाहुणा हेच उत्तर आणखी चार ठिकाणी देऊन आलेला असतो. तो ते गुळगुळीत झालेलं उत्तर पुन्हा देतो. आपण थांबतो, कारण ते रडणं अजून यायचंय. ते पन्नासाव्या मिनिटाला येतं आणि संदर्भासकट ऐकल्यावर अगदी साधं निघतं. आलेख छान आलेला असतो. पण ज्या माणसाला पन्नास मिनिटं असं राबवलं, तो पुढच्या बुधवारी कशासाठी येईल? आलाच तर पुढच्या पाहुण्यासाठी येईल, कार्यक्रमासाठी नाही. तोच पाहुणा दुसरीकडे दिसला तर तिकडे जाईल. म्हणून एका भागाला लाखो आणि पुढच्याला त्याचा लहानसा तुकडा, असे चढउतार दिसतात.

आमिष दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘सीरियल’ सुरू झालं आणि पॉडकास्टचं नशीबच पालटलं. त्याचा पहिला भाग हा आमिषाचा उत्तम नमुना आहे. बाल्टिमोरमध्ये १९९९ च्या जानेवारीत हे मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला. तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद याला जन्मठेप झाली. निवेदिका सारा कोनिग सुरुवात खुनापासून करत नाही. ती किशोरवयीन मुलांना विचारते, काही आठवड्यांपूर्वीच्या अमुक दिवशी तुम्ही काय करत होता? मुलं चाचपडतात. कुणाला वाटतं कामावर होतो, कुणाला वाटतं नव्हतो. ऐकणारा स्वतःही मनात तो दिवस शोधायला लागतो आणि त्यालाही सापडत नाही. मग कळतं की एका मुलाचं सगळं आयुष्य शाळा सुटल्यानंतरच्या २१ मिनिटांच्या हिशेबावर टांगलेलं आहे. इथं आमिष म्हणजेच विषय. माणसाची आठवण किती भरवशाची, हा प्रश्न पहिल्या मिनिटात लागतो आणि बारा भाग पुरतो. आपल्या त्या रडण्याच्या तुकड्याचं तसं नसतं. तो दारावर लावलेला, घराशी संबंध नसलेला फलक असतो.

कोनिगनं आणखी एक केलं. भाग प्रसारित होत असताना तिचा शोध चालूच होता आणि आपल्याला काय कळत नाहीये हे ती श्रोत्याला सांगत होती. शंका बोलून दाखवणारा आवाज लोकांना विश्वासाचा वाटला. याच तंत्राची किंमत मात्र दुसऱ्या कुणी तरी मोजली. २०२२ मध्ये अदनानची शिक्षा रद्द करण्याची सुनावणी झाली, तेव्हा हे मिन लीच्या भावानं न्यायालयात सांगितलं की माझ्यासाठी हा पॉडकास्ट नाही, हे खरं आयुष्य आहे. ‘सीरियल’च्या नंतर गुन्हेकथांची जी लाट जगभर उसळली आणि आता हिंदी-मराठीतही येऊन पोचली, तिच्यातल्या प्रत्येकानं हे वाक्य माइकसमोर चिकटवून ठेवावं असं मला फार मनापासून वाटतं. मराठीत वर्तमानपत्रातली बातमी आणि पोलिसांचा जबाब समोर ठेवून, भीतिदायक संगीत लावून खून सांगणारे कितीतरी चॅनेल आहेत. त्यात मेलेल्या बाईच्या गावाचं, नवऱ्याचं, सासरचं नाव असतं आणि तिच्या माणसांपैकी कुणाशीही कुणी बोललेलं नसतं. लोक शेवटपर्यंत ऐकतात, हे खरं. त्याला कला म्हणायला मी तयार नाही.

मग लोक परत येतात ते कशासाठी? माझ्या मते तयारीसाठी. ऐकणाऱ्याला तयारी फार लवकर कळते. मुंबईच्या अमित वर्मांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा भाग साधारण वीस मिनिटांचे होते. पुढं ते तासाचे झाले, मग तीन-चार तासांचे, काही त्याहूनही मोठे. लक्ष कमी झालंय, सगळं तीस सेकंदांत सांगा, असं जो तो सांगत असताना हा माणूस उलट्या दिशेनं गेला आणि त्याचे श्रोते वाढले. पाहुण्याचं लिखाण वाचलेलं असतं, त्याचं जुनं म्हणणं लक्षात असतं, म्हणून पाहुण्याला ठरलेलं उत्तर देताच येत नाही. त्याला विचार करावा लागतो, आणि माणूस विचार करत असताना ऐकणं यासारखं गुंतवणारं दुसरं काही नाही. लांबी हा प्रश्न नव्हताच. मराठीत आता दोन तासांच्या गप्पा बऱ्याच होतात, पण त्यात बहुतेकदा लांबी आलीय, वाचन आलेलं नाही. याला सन्माननीय अपवाद आहेत. ‘थिंक बँक’वर एखाद्या अभ्यासकाला त्याच्या विषयावर सलग बोलू दिलं जातं, ‘अमुक तमुक’नं नात्यांवर आणि मनाच्या आजारांवर घरात न होणारं बोलणं घरात आणलं. असे भाग पाहुण्याच्या प्रसिद्धीवर चालत नाहीत. लोक ते एकमेकांना पाठवतात, आणि आईला पाठवला जाणारा भाग हा कुठल्याही आलेखापेक्षा मोठा पुरावा आहे.

दुसरी गोष्ट सांगण्याची. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत हिंडले. वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेट घरोघरी झिजल्या. ही मंडळी छापील कथाच सांगत, पण ती कथा कागदावरून उठून तोंडी यायची. वाक्य तुटायचं, शब्द पुन्हा यायचा, आणि हशा कुठं येणार हे ठाऊक असल्यानं तिथं थांबण्याची हिंमत असायची. आजच्या मराठी कथनात्मक पॉडकास्टमध्ये मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती या थांबण्याची. संहिता निबंधाच्या भाषेत लिहिलेली असते, ‘तथापि’ आणि ‘परिणामस्वरूप’ असलेली, आणि निवेदक ती गोड, सारख्या सुरात वाचतो. कान दहाव्या मिनिटाला निघून जातो आणि गेलाय हे आपल्यालाही कळत नाही. शिकागोत सुरू झालेल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’चे आयरा ग्लास १९९५ पासून हे काम करतायत. रेडिओवरच्या गोष्टीचे दोन घटक ते सांगतात: एकामागून एक घडत जाणाऱ्या घटना, आणि मधूनच थांबून, हे सगळं कशासाठी सांगतोय याचा विचार. आपल्या कीर्तनकारांना हे वेगळं शिकवावं लागलं नसतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग आणि त्याचं निरूपण, मग नामाचा गजर, मग उत्तररंगात आख्यान; म्हणजे विचार आधी, गोष्ट मागून, आणि मध्ये सगळ्यांनी मिळून घेतलेला श्वास. चांगला बुवा आख्यान ऐन रंगात आलेलं असताना ते सोडून पूर्वरंगातल्या अभंगाच्या एका शब्दावर परत येतो, आणि तासाभरापूर्वी ऐकलेला तो शब्द आता निराळा ऐकू येतो. दीड-दोन तास जमिनीवर बसलेल्या माणसांना धरून ठेवण्याचं इतकं विचारपूर्वक बांधलेलं दुसरं रूप आपल्याकडे नाही. पॉडकास्टवाल्यांनी कीर्तनाची नक्कल करावी असं मी सुचवत नाही. त्याची बांधणी कान देऊन ऐकावी, एवढंच.

आवाजाबद्दल थोडक्यात. यूट्यूबवर सोबत चित्र असल्यामुळे मराठीत आवाजाकडे दुर्लक्ष झालं. दोघांपैकी एकाचा माइक जवळ, दुसऱ्याचा लांब. लोकलमध्ये पाहुणा ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा तर सूत्रसंचालकाचं हसणं कानठळ्या बसवतं. संकलनात ‘अं’ आणि श्वास इतके छाटतात की माणूस दम न घेता बोलतोय असं वाटतं आणि ऐकणारा दमतो. ज्या खोलीत ध्वनिमुद्रण होतं तिथली शांतताही अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवायची असते, म्हणजे कापलेल्या जागी ती भरता येते. हे फुकटातलं काम आहे आणि फार थोडे करतात. चित्र काढून फक्त ऐकलं तर किती मराठी कार्यक्रम टिकतील, ही परीक्षा निर्मात्यांनी स्वतःच घेऊन पाहावी. यूट्यूबनं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं की पॉडकास्टसाठी महिन्याला एक अब्जाहून जास्त लोक तिथं येतात. तेव्हा चित्र जाणार नाही. पण हात कामात असताना सोबत करणारा आवाज ही या माध्यमाची जी खरी ताकद, ती पडद्याकडे बघायला लावून आपणच कमी करतोय.

सोबतीवरून आकाशवाणीचं ‘पुन्हा प्रपंच’ आठवतं. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज: पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. त्यात फार काही घडायचं नाही. महागाई, पाहुणे, शेजारी. श्रोत्यांना त्या तिघांची चौकशी असायची. ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जात आणि आपलं नाव येईल म्हणून माणसं कान लावून बसत. आपण नुसते मोजले जात नाही, ओळखले जातो, हे कळण्याचं सुख श्रोत्याला त्यात होतं. आज प्रतिक्रियांचा पूर येतो, पण पुढच्या भागात त्यातली एक तरी कुणी वाचून तिला उत्तर देतं का? मागच्या भागात पाहुण्यानं चुकीची माहिती दिली होती, असं एका श्रोत्यानं साधार कळवलं, तर ते पुढच्या भागात सांगितलं जातं का? एवढं केलं तरी कार्यक्रमाभोवती माणसं जमतात.

आणि नेम. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ मला म्हणूनच आवडते: एक विषय, थोडा वेळ, आणि सांगायचं झालं की संपतं. अनेक होतकरू मराठी पॉडकास्ट आठ-दहा भागांनंतर न सांगता बंद पडतात. त्यामागे आळस क्वचितच असतो. दिवसा नोकरी, रात्री संकलन, पैसे शून्य, माणूस थकतो. त्याला माझा सल्ला असा, की न संपणारा कार्यक्रम सुरूच करू नका. सहा भाग ठरवा, सहाही तयार करा, वार जाहीर करा, सहावा झाला की श्रोत्याचा रीतसर निरोप घ्या. शब्द पाळणाऱ्याच्या दुसऱ्या हंगामाची लोक वाट पाहतात.

सहा किंवा बारा भागांच्या अशा सलग, शोध घेऊन केलेल्या मालिका मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि माझी खरी तक्रार इथं आहे. विषयांचा तोटा नाही. १९८२ चा गिरणी संप, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची किल्लारी. आणि पानशेत. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती टाकणारे जवान, पाणी येतंय म्हणून ओरडत गेलेली माणसं, वाडे सोडून पर्वतीकडे धावलेली कुटुंबं, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरात उभ्या राहिलेल्या अर्धगोल छपरांच्या निसेन हट आणि त्यांत वाढलेली पिढी. इथं काय झालं हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. प्रत्येक पेठेकडे त्याची वेगळी हकिकत आहे, आणि त्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत; मालिकेला याहून चांगला कणा कुठला मिळणार? त्या सकाळी जे विशीत होते ते आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्याशी बोलायला रिंग लाइट लागत नाही, प्रसिद्ध पाहुणा लागत नाही. दोन बरे माइक, चौकशी आयोगाचे आणि वर्तमानपत्रांचे जुने कागद वाचायची तयारी आणि सात-आठ महिने लागतात. मुलाखतींच्या कार्यक्रमांवर जाहिरातीचा पैसा लावणाऱ्या मराठी उद्योजकांपैकी एकानं तरी या सात-आठ महिन्यांचा पगार दोन तरुण पत्रकारांना द्यावा, आणि तो येत्या पावसाळ्याच्या आत द्यावा.